विझव्या आणि कमोडची भट्टी

आग लावून पोट भरणारे जगात पुष्कळ आहेत. विझव्या आग विझवून पोट भरायचा.

कारखान्यात नवी भट्टी उभी राहिली, बर्नर जोडून झाले, सगळ्यांनी हात पुसून एकमेकांची पाठ थोपटली, की शेवटी त्याला बोलावणं जायचं. तो यायचा, चांगली पेटलेली ज्योत मुद्दाम बंद करायचा आणि यंत्राला ते कळतंय का, हे हाताची घडी घालून बघत बसायचा. प्रत्येक बर्नरच्या कडेला एका नळीत ज्योतीवर नजर ठेवणारा डोळा बसवलेला असतो. ज्योत गेली की डोळ्याने पॅनेलला कळवायचं आणि पॅनेलने दोन-चार सेकंदांत सगळा गॅस तोडायचा, एवढाच सगळा मामला. नाही कळवलं, तर न जळलेला गॅस भट्टीत गुपचूप साठत जातो. मग शेजारचा बर्नर त्याला पेटवतो, आणि भट्टी, भिंत व भट्टीसमोरचा माणूस तिघंही वेगवेगळ्या दिशांना निघून जातात.

आईबापांनी त्याचं नाव काहीतरी चांगलंच ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बायकोसुद्धा रागात असली की विझव्याच म्हणायची, आणि ती बऱ्याचदा रागात असायची.

या खेपेचं बोलावणं कमोडच्या कारखान्यातून आलं होतं. मोठं तालेवार काम. राजा असो की रंक, सकाळी उठून ज्याच्यावर बसतो ते भांडं इथे घडायचं. आवारात शिरलं की डाव्या हाताला पांढऱ्या कच्च्या कमोडांच्या रांगा, उजव्या हाताला भाजलेल्या चकचकीत कमोडांच्या रांगा, आणि मधल्या वाटेने जाताना माणसाला उगाचच आपण काहीतरी विसरून आलो असं वाटायचं. कामगार दुपारी उलट्या कमोडांवर बसूनच डबे खायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

इथला भट्टीमास्तर विझव्याचा साडू होता.

साडू हे नातं मोठं गमतीचं. दोन पुरुष, एकमेकांना कधी निवडलेले नाहीत, आणि जन्मभर एकमेकांच्या मापाने मोजले जातात. ताईच्या यजमानांनी नवं कपाट घेतलं, तुम्ही मोजे तरी घ्या. धाकटीच्या नवऱ्याला बघा, बायकोला फिरायला नेतो. अशी मापं दोन्ही घरांत निघत. त्यामुळे दोघं भेटले की गोड बोलायचे आणि एकमेकांचे बूट निरखायचे.

मास्तर थोरले. अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस. जुन्या भट्टीपुढे त्यांनी आयुष्य काढलं होतं. आत काय चाललंय ते आपल्याला नाकाने कळतं असं ते सांगायचे, आणि ते बरंचसं खरंही होतं. आता जुनी भट्टी मोडीत निघाली होती, नव्या भट्टीला आठ बर्नर होते, आणि मालकीणबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं: नव्या भट्टीचा पहिला माल वेळेत आणि धड बाहेर काढाल, तर दोन्ही पाळ्यांचे भट्टीप्रमुख तुम्ही. नाहीतर ते पद ग्लेझवाल्याला.

ग्लेझवाला म्हणजे कमोडांना चकाकीचा लेप मारणाऱ्या खात्याचा मुख्य. तरणा, केस मागे फिरवलेला, शर्टावर कधी डाग नसलेला. लेपाच्या खात्यात राहून शर्टावर डाग नाही, म्हणजे हा काम करतो तरी केव्हा, असा मास्तरांचा सवाल होता. त्याच्या हाताखाली काम करण्यापेक्षा आपण घरी बसू, असं ते चारचौघांत बोलून बसले होते. आणि घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं, कारण घरी ताई होत्या.

पहिली फेरी छान झाली. भट्टी थंड, आत काही नाही. विझव्याने एकेक बर्नर पेटवला, एकेकाच्या गॅसचा कॉक हाताने बंद केला. आठही वेळा डोळ्याने ज्योत गेल्याचं ओळखलं, आठही वेळा गॅस खाडकन तुटला, आणि नियमाप्रमाणे मोठ्या पंख्याने भट्टीत गार वारा सोडून उरलासुरला गॅस झाडून काढला. हा वारा थांबवता येतो का, तेही विझव्याने बघितलं. पॅनेलवरची सगळी बटणं दाबली. नाही थांबत. तो खूश झाला.

"झालं ना मग?" मास्तर म्हणाले. "मारा सही."

"अर्धं झालं, साडूभाऊ. आता रिकामी भट्टी चांगली तापवा. वीट लाल झाली की मी तापल्या भट्टीत पुन्हा विझवून बघणार. परवा येतो."

"थंडीत चालतं ते तापात चालत नाही का?"

"माणसांचं बघता ना तुम्ही? थंड डोक्याने बोलतो तो तापल्यावर तेच बोलतो का?"

मास्तर हसले, आणि रिकामी तापवतो म्हणाले.

परवा दुपारी विझव्या आला, तर भट्टीच्या दाराच्या फटीतून लालसर उजेड दिसत होता. मास्तर समोर पाय फाकवून उभे होते, चेहऱ्यावर बारशाच्या घरातलं समाधान. विझव्याने बाजूच्या झरोक्याच्या काचेतून आत डोकावलं. आत चार थरांत कमोडच कमोड, बुडापासून कडेपर्यंत लाल.

"साडूभाऊ, हे काय?"

"माल."

"रिकामी तापवायची ठरली होती."

"रिकामी भट्टी तापवायला मला काय गॅस वर आलाय? पहिला माल ज्याला द्यायचाय, त्या हॉटेलवाल्याची माणसं परवा येतायत. आज रिकामी तापवली, तर उद्या निवणार, परवा भरणार. मग तो पाहुण्यांना काय ओट्यावर बसवणार आहे?"

"आता मी विझवून कसं बघू? डोळ्याने बरोबर ओळखलं तर गॅस तुटणार, मागून गार वारा सुटणार. या तापात त्या मालावर गार वारा गेला तर..."

"तडकणार. सगळा. म्हणून तर म्हणतो, बघूच नका. थंडीत आठही पास झालेत. सही करा, चहा घ्या, घरी जा."

खरं सांगायचं तर विझव्या डळमळला. तो काही फार करारी माणूस नव्हता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती. बातमी तिला भट्टीच्या आधी पोचली होती.

"ताईचा फोन होता. तुम्ही भाऊजींचं घोडं अडवून बसलाय म्हणे."

"मी आत्ताच आलोय गं. अजून काही अडवलं नाही."

"मग अडवू नका. ते प्रमुख झाले नाहीत तर दिवसभर घरी बसतील, आणि ताई म्हणते, ते घरी बसले तर ती आपल्याकडे राहायला येईल. विचार करा."

विझव्याने विचार केला. ताई राहायला येणं ही साधी गोष्ट नव्हती. मागच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची जागा बदलली होती, आणि त्याला साखर अजून सापडलेली नव्हती. त्याने सहीसाठी पेनसुद्धा काढलं. पेन काढता काढता सहज विचारलं, "सकाळपासून भट्टी किती वेळा ट्रिप झाली, आपोआप बंद पडली?"

"एकदाही नाही," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

मागे उलट्या कमोडवर बसलेला एक कामगार डबा पुसता पुसता म्हणाला, "सकाळी दहा-बारा वेळा झाली की. ग्लेझवाले सगळे टाळ्या पिटायला जमले होते. मग मास्तरांनी पाना घेतला आणि दुरुस्त केली."

"तू डबा पूस," मास्तर म्हणाले.

विझव्याने पेन खिशात ठेवलं. नवी भट्टी पहिल्या दिवशी रुसते, हे त्याला ठाऊक होतं. रुसलेली भट्टी पान्याने गप्प होते, हे तो आजच ऐकत होता. तो भट्टीच्या कडेने चालत गेला. ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या डोळ्यांच्या माना त्याने परवा स्वतः बसवल्या होत्या, ज्योतीच्या बुडाशी बघतील अशा. आता आठही माना वाकवलेल्या होत्या. आठही डोळे समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होते.

"हे कुणी केलं?"

"मी केलं. त्यांना काही दिसतच नव्हतं. भट्टी लवकर तापावी म्हणून मी जरा हवा वाढवली, तर ज्योत पुढे पळाली आणि तुमच्या आंधळ्यांना दिसेना. दर पाच मिनिटांनी खाड, बंद. माल अजून फार तापला नव्हता, म्हणून वाचला. सगळं खातं दात काढतंय. मग मी त्यांना जिथं चांगला उजेड आहे तिथं बघायला लावलं. तेव्हापासून एक तक्रार नाही."

"उजेड कसला होता तो?"

"उजेडाला काय जात असते का? उजेड म्हणजे उजेड."

विझव्या एक पाऊल पुढे सरकला. त्याने तिसऱ्या बर्नरचा कॉक धरला.

"अहो, अहो," मास्तर पुढे आले, "माल आहे आत. माझं पद आहे आत."

विझव्याने कॉक आडवा करून बंद केला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि कानांवर हात ठेवले. गॅस तुटल्याचा खाडकन आवाज, मागून पंखा, मागून भांडी तडकल्याचा आवाज, हे सगळं ते मनात ऐकत उभे राहिले. बाहेर काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. पॅनेलवर तिसऱ्या बर्नरचा हिरवा दिवा शांतपणे सांगत होता, ज्योत आहे. पंखा गप्प. गॅस चालू. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. दिवा हिरवाच.

मास्तरांचा चेहरा उजळला. "काही झालं नाही! माल सलामत! बघा, उगाच जीव टांगणीला लावलात. झाली तुमची परीक्षा, पास झालो."

भल्याभल्यांना नापास केलं होतं विझव्याने, पण नापास होऊन पेढे वाटायला निघालेला माणूस तो पहिल्यांदाच बघत होता.

"साडूभाऊ, तिसऱ्याची ज्योत गेलीय. मी बंद केलीय. आणि तुमचा डोळा म्हणतोय, आहे."

"मग त्याला दिसत असेल."

"त्याला लाल वीट दिसतीय. थंड भट्टीत वीट काळी असते, ज्योतीशिवाय दुसरं काही चमकत नाही. तापल्यावर वीटच चमकते. तुम्ही त्याला विटेकडे बघायला लावलंत. आता आठही ज्योती गेल्या तरी तो आहे आहे म्हणत बसणार, आणि गॅस येत राहणार."

"येऊ दे की. लाल विटेवर गॅस आपोआप पेटतो. हे मला शिकवू नका."

"वीट पिवळी होईल तेव्हा पेटतो. आत्ताचा हा रंग बघा. डोळ्याला फसवायला पुरतो, गॅस पेटवायला पुरत नाही. दर खेपेला भट्टी चढताना या रंगातून जाणार, आणि तुम्ही समोर उभे असणार."

"मग आज मी लक्ष ठेवतो," मास्तर म्हणाले. "माझे डोळे काही विकत आणलेले नाहीत. सगळ्या झरोक्यांतून स्वतः बघत फिरतो. ज्योत गेली की कॉक बंद. संध्याकाळपर्यंत वीट पिवळी होईल, मग कुणाच्या बापाची भीती. एवढी खेप निघू दे. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणाल तसं."

हे बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. माणूस झरोक्याला डोळा लावून बसला तर यंत्राचं काम का करणार नाही? विझव्याला क्षणभर पटलंसुद्धा. मास्तर मागच्या कामगाराला हवा कमी करायला सांगू लागले. तेवढ्यात विझव्या भट्टीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला. थोड्या वेळाने त्याने तिकडून हाक मारली.

"साडूभाऊ, जरा इकडे या. या सहाव्याकडे बघा. हा पेटलाय की विझलाय?"

मास्तर आले. झरोक्यापुढे वाकले, एक डोळा मिटला, दुसरा बारीक केला, नाक काचेला जवळजवळ टेकवलं. सावकाश, नीट बघितलं. पुन्हा बघितलं.

"पेटलाय," ते म्हणाले. "झकास पेटलाय. काय सरळ ज्योत आहे. तिसऱ्यापेक्षा हा चांगला."

विझव्याने त्यांचा हात धरला आणि सहाव्या बर्नरच्या कॉकवर नेऊन ठेवला. दांडी पाइपाला आडवी होती.

मास्तरांनी हात तिथेच ठेवला. मग वाकून पुन्हा झरोक्यात बघितलं. आत सगळं तसंच लाल, देखणं, निवांत. ज्योत होती की नव्हती, ते आता त्यांना ठरवता येईना. ते ताठ उभे राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम भट्टीच्या उष्णतेचा होता म्हणावं, तर मघाशी तो नव्हता.

"या झरोक्यासमोर मी रोज उभा राहणार," ते म्हणाले.

"हो."

"नाक लावून."

"मघाशी लावलंत तसं."

मास्तरांनी भट्टीकडे बघितलं. आत त्यांचं पद चार थरांत लाल होऊन बसलेलं होतं. विझव्याला एकदम त्यांची दया आली, आणि दया आली की त्याला काहीतरी भलतंच बोलायची सवय होती.

"मी सही केली आणि तुमचं काही बरंवाईट झालं, तर ताई कायमच्या आमच्याकडे येतील. माझाही विचार करा."

"तुमचं घर केवढंसं," मास्तर म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. "भट्टी बंद करायचं लाल बटण तुम्ही दाबता?"

"भट्टी तुमची आहे."

मास्तर पॅनेलपाशी गेले. एकदा मागे वळून ग्लेझखात्याच्या दाराकडे बघितलं. मग अंगठ्याने लाल बटण दाबलं, गूळ दाबतात तसं, पूर्ण आत.

खाड. आठही बर्नर गेले. आणि मागून पंखा सुटला. कुणालाही थांबवता न येणारा, विझव्याने स्वतः पारखून घेतलेला गार वारा भट्टीत घोंघावत शिरला. क्षणभर काही नाही. मग आतून एक बारीक आवाज आला, टिंग. मग दुसरा. मग वाडग्यांवर चमचे वाजवत पंगत बसावी तसे आवाज सुरू झाले. मास्तर प्रत्येक टिंगला मान हलवत होते, ओळखीच्या माणसांची नावं घेतली जावीत तसे.

आवाज ऑफिसपर्यंत गेला. मालकीणबाई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात अर्धा खाल्लेला पेरू.

"हे काय वाजतंय?"

"माल," मास्तर म्हणाले.

बाईंनी पेरूचा घास संपवला. "भट्टी रिकामी तापवायची होती ना आज?"

"मी भरली."

"मग थांबली का?"

"डोळे चुकीचं बघत होते."

"कुणी बघायला लावलं?"

"मी."

"आणि विझवली कुणी?"

विझव्या पुढे झाला. त्याला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या अंगावर घ्यावं. पण मास्तरांनी त्याला कोपराने मागे सारलं.

"तीही मीच. हा नुसता उभा होता. याला काही येत नाही."

बाईंनी दोघांकडे बघितलं. भट्टी अजून अधूनमधून टिंग करत होती. ग्लेझवाला दारात येऊन उभा राहिला होता, केसांवरून हात फिरवत.

"हॉटेलवाल्याला मी बघते," बाई म्हणाल्या. "निवली की तुकडे बाहेर काढा. मग रिकामी तापवा. रिकामी म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना?"

"आज कळलं," मास्तर म्हणाले.

तुकडे काढायला दोघंही वाकले. धड कमोड एकूण मालात मूठभर निघाले, आणि त्यांतलाही एक मास्तरांनी रागाने आपटून फोडला. दोन्ही घरांत बहिणींनी आपापल्या नवऱ्याशी बोलणं सोडलं, एकमेकींशी मात्र फोनवर तासन् तास बोलत राहिल्या. मग भट्टी रिकामी तापली. विझव्याने डोळ्यांच्या माना पुन्हा ज्योतीच्या बुडाशी वळवल्या. मास्तरांनी हवा स्वतः कमी केली. कुणी सांगायच्या आधी केली आणि वर विझव्यालाच विचारलं, की त्या दिवशी एवढी हवा ठेवून कशाला गेला होतात. वीट त्याच रंगाची झाली. विझव्याने कॉक आडवा केला, आणि त्याचा हात दांडीवरून निघतो न निघतो तोच सगळा गॅस तुटला. आठही वेळा तसंच. जमलेले कामगार दर वेळी हळहळले, कारण त्यांच्या लेखी भट्टी बंद पडणं म्हणजे बंद पडणं. एकटे मास्तर दर खाडला हसत होते. आठव्यानंतर ते म्हणाले, "आता पहिल्याचं पुन्हा दाखवा."

दुसऱ्या खेपेचा माल हॉटेलवाल्याला उशिरा, पण धड मिळाला. बाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं.

"वेळेत म्हणाले होते मी. वेळेत नाही निघाला."

"नाही निघाला," मास्तर म्हणाले.

"पण स्वतःचा माल स्वतःच्या अंगठ्याने फोडणारा माणूस मी अजून बघितला नव्हता. ग्लेझवाल्याला मी विचारलं, तू दाबलं असतंस का बटण? तो म्हणाला, आधी तुम्हाला विचारायला आलो असतो. मी तेव्हा पेरू खात बसले होते. तेव्हा भट्टीप्रमुख तुम्हीच. मात्र एक अट. दर तीन महिन्यांनी भट्टी रिकामी तापवायची आणि तुमच्या साडूंनी येऊन ती विझवायची."

मास्तरांनी विझव्याकडे बघितलं. त्याच्या बुटांपासून सुरुवात करून सावकाश वरपर्यंत बघितलं.

"दर तीन महिन्यांनी? जन्मभर?"

"भट्टी आहे तोवर."

"मग ते पद दुसऱ्या कुणाला द्या."

"बरं. ग्लेझवाल्याला देते."

मास्तरांनी घाईने हात वर केला.

"येऊ दे साडूला," मास्तर म्हणाले. "पण कॉक मी आडवा करणार. याने पॅनेलपाशी उभं राहून बघायचं."

"ते जमायचं नाही," विझव्या म्हणाला. त्याच्या सगळ्या कामात सुखाची जागा तेवढी एकच होती, आणि ती तो द्यायला तयार नव्हता. "विझवणार मी."

"भट्टी कुणाची?"

"सही कुणाची?"

बाईंनी दाराकडे बोट केलं. दोघं भांडत भांडत बाहेर पडले, कमोडांच्या रांगांमधून फाटकापर्यंत. चार बर्नर तुमचे, चार माझे, इथपर्यंत येऊन दोघं थांबले, आणि मग तिसरा कुणाचा यावरून पुन्हा सुरुवात झाली.